पडद्यावरची वजाबाकी आत सापडत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘सिम्पाय’मध्ये, म्हणजे पायथन या संगणकभाषेतून वापरायच्या बीजगणित करणाऱ्या प्रणालीत, क्ष − य ही राशी तयार करून तिचे घटक काढून पाहिले, तर त्यांत वजाबाकी कोठेच नाही, तीच राशी छापली की वजाबाकी पुन्हा दिसते. ‘मॅथेमॅटिका’ या तशाच दुसऱ्या प्रणालीत √क्ष + १/√क्ष या राशीत √क्ष च्या जागी य ठेवायला सांगितले, तर पहिले पद बदलले आणि दुसरे तसेच राहिले. (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ या राशी समान आहेत का, असे विचारल्यावर सिम्पायने ‘नाही’ असे उत्तर दिले. हे दोष आहेत की समजुतीत चूक आहे, आणि चलांना देवनागरी नावे देता येतील का, असे आपण विचारले आहे.

यांपैकी एकही दोष नाही. तिन्ही ठिकाणी आपण पडद्यावरच्या लेखनाबद्दल प्रश्न विचारत आहात आणि संगणक आपल्या स्मृतीतील रचनेबद्दल उत्तर देत आहे. या दोन गोष्टी कोठे जुळतात आणि कोठे फारकत घेतात हे एकदा नीट पाहिले, की बीजगणित करणाऱ्या प्रणालींमधील निम्मे गोंधळ आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे.

सिम्पायमध्ये प्रत्येक राशी हा एक वृक्ष असतो. त्याच्या पानांवर चल किंवा संख्या असतात आणि आतल्या प्रत्येक नोडवर, म्हणजे फांद्या फुटतात त्या गाठीवर, एखादी क्रिया असते. नेहमीच्या बीजगणितासाठी त्याला तीनच क्रिया पुरतात: बेरजेसाठी ‘अ‍ॅड’, गुणाकारासाठी ‘मल’ आणि घातासाठी ‘पॉव’. (प्रत्यक्ष आज्ञावलीत ही नावे रोमन लिपीत लिहावी लागतात, येथे वाचायला सोयीची म्हणून ती नागरीत लिहिली आहेत.) क्ष − य ही राशी आत अ‍ॅड(क्ष, मल(−१, य)) अशी साठवली जाते. य/क्ष हा भागाकार मल(य, पॉव(क्ष, −१)) असा असतो आणि √क्ष म्हणजे पॉव(क्ष, १/२). वजाबाकी, भागाकार आणि वर्गमूळ यांच्यासाठी स्वतंत्र नोडच नाहीत.

ही काटकसर हेतुपुरस्सर केलेली आहे. प्रणालीतील प्रत्येक कृतीला, म्हणजे विकलनाला, विस्ताराला, अवयव पाडण्याला, प्रत्येक प्रकारच्या नोडचे काय करायचे हे सांगावे लागते. नोडचे प्रकार वाढले की नियम वाढतात आणि नियमांच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात. ३क्ष − ५क्ष चे −२क्ष करायचे असेल, तर ‘सहगुणक ३ आणि सहगुणक −५ असलेली दोन सजातीय पदे’ एवढेच दिसणे सोयीचे असते. मध्ये वजाबाकीचा वेगळा नोड आला, तर तीच गोष्ट दोनदा शिकवावी लागते. शिवाय अ‍ॅड आणि मल यांना दोनच घटक असावेत असे बंधन नाही. (क + ख) + ग आणि क + (ख + ग) या दोन्हींचा तीन घटकांचा एकच सपाट नोड होतो, आणि साहचर्याचा नियम वेगळा लावण्याची गरजच उरत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परके वाटू नये. बाराव्या शतकात भास्कराचार्य ज्या पद्धतीने बीजगणित लिहीत, तिच्यात आजचे क्ष² − ५क्ष + ६ हे ‘याव १ या ५ं रू ६’ असे लिहिले जाई. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, म्हणजे अज्ञात राशी; ‘याव’ तिचा वर्ग; ‘रू’ म्हणजे रूप, अर्थात स्थिर पद; आणि संख्येच्या डोक्यावरचा बिंदू ती ऋण असल्याची खूण. अधिकाचे चिन्ह नाही, उण्याचेही नाही. पदे शेजारी ठेवली की बेरीज झाली, आणि ऋणत्व क्रियेकडे न राहता संख्येकडे गेले. सिम्पायचा अ‍ॅड नोड नेमके हेच करतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. १९८८ साली प्रथम आलेल्या मॅथेमॅटिकात सर्वच गोष्टी एका साच्यात बसवलेल्या आहेत: आधी शीर्ष, म्हणजे क्रियेचे नाव, मग कंसात घटक. ‘फुलफॉर्म’ या आज्ञेने कोणत्याही राशीचे हे आतले रूप पाहता येते. आपली राशी त्या आज्ञेला देऊन पाहा; √क्ष हे पॉवर(क्ष, १/२) दिसेल आणि १/√क्ष हे पॉवर(क्ष, −१/२). दुसऱ्या पदात पॉवर(क्ष, १/२) हा तुकडा मुळातच नाही. अपूर्णांकाची रेघ, तिच्याखालचे वर्गमूळ, वरचा १ हे सारे छपाईच्या वेळी रचले गेले. अदलाबदलीचा नियम मात्र आतल्या वृक्षावर चालतो, म्हणून त्याला तेथे बदलण्यासारखे काही सापडले नाही. उपाय असा की क्ष च्याच जागी य² ठेवावे आणि य धन आहे असे सांगून राशी सोपी करून घ्यावी. याच जातीचा आणखी एक सापळा आहे: २ + ३आय या संमिश्र संख्येत (आय म्हणजे √−१) आय च्या जागी −आय ठेवायला सांगितले, तर मॅथेमॅटिका काहीच बदलत नाही, कारण आत ती बेरीज नसून कॉम्प्लेक्स(२, ३) असा अखंड, न फुटणारा अणू असतो. संयुग्मी संख्या हवी असेल, तर त्यासाठी असलेली ‘कॉन्जुगेट’ ही आज्ञाच वापरावी.

सिम्पायची ‘सब्स’ ही आज्ञा येथे अधिक शहाणपणा दाखवते. तिला घातांचे नियम ठाऊक आहेत, त्यामुळे आपल्या राशीचे ती य + १/य असे करून देते. तिच्याच शेजारची ‘एक्स-रिप्लेस’ ही आज्ञा मात्र मॅथेमॅटिकाप्रमाणे हुबेहूब जुळणारा नोडच बदलते. मी स्वतः शक्यतो दुसरी वापरतो. ती कमी हुशार आहे आणि म्हणूनच ती काय करील हे आधी सांगता येते.

या फारकतीशी सर्वांत प्रामाणिकपणे वागणारी प्रणाली मला ‘मॅक्सिमा’ वाटते. ती ज्या ‘मॅक्सायमा’पासून निघाली, ती १९६८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाली आणि ‘लिस्प’ या संगणकभाषेत लिहिली गेली, आणि लिस्पच्या याद्या हाच तेथे राशींचा वृक्ष होता. विल्यम शेल्टर यांनी ती प्रणाली अनेक वर्षे सांभाळली आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली देण्याची अनुमती मिळवली. मॅक्सिमात क/ख या राशीचे शीर्ष ‘पार्ट’ या आज्ञेने विचारले, तर उत्तर भागाकार असे येते. ‘इनपार्ट’ने विचारले, तर गुणाकार. पहिली आज्ञा दिसणाऱ्या रूपाला विचारते, दुसरी आतल्या रूपाला. माणूस चित्राकडे पाहून बोलतो हे रचनाकारांनी मान्य केले आणि दोन्ही भाषांना स्वतंत्र शब्द दिले. शिवाय एखादी राशी बहुपदींच्या भागाकाराच्या खास विहित, म्हणजे ठरवून दिलेल्या, रूपात साठवलेली असेल, तर छापताना तिच्या क्रमांकाशेजारी दोन तिरप्या रेघांमध्ये आर हे अक्षर येते. दोन राशी दिसायला एकसारख्या आणि साठवणीत वेगळ्या असू शकतात, याची ती सूचना असते.

छापणारा भाग नेमके काय करतो, हे आता पाहू. अ‍ॅड नोड समोर आला, की तो प्रत्येक पदाचा सहगुणक तपासतो. सहगुणक ऋण असेल, तर अधिकाऐवजी उणे लिहून उरलेले पद धन करून छापतो. मल नोडमध्ये तो घटकांचे दोन गट करतो: ज्यांचा घातांक ऋण परिमेय संख्या आहे ते छेदात, बाकीचे अंशात. घातांक १/२ असेल तर वर्गमूळाचे चिन्ह काढतो. म्हणजे आपण टाईप केलेली वजाबाकी वाचतानाच नाहीशी झालेली असते आणि दिसते ती छापणाऱ्याने नव्याने बनवलेली असते. म्हणूनच य − क्ष असे लिहिल्यावर सिम्पाय −क्ष + य असे छापतो. शाळेत कोणी तसे लिहीत नाही; परंतु आपण कोणत्या क्रमाने लिहिले होते ही माहिती आत उरलेलीच नसते. बेरजेचे घटक आत एका ठरावीक क्रमाने लावले जातात, छपाईचा क्रम त्याहून वेगळा असू शकतो, आणि तो बदलण्याचे पर्याय असले तरी त्यांतला एकही आपला मूळ क्रम परत आणू शकत नाही.

कंसांचेही तसेच. वृक्षात कंस नसतात, कारण कोणती क्रिया कोणाच्या आत आहे हे वृक्षाच्या आकारावरूनच कळते. छापताना आतल्या क्रियेचा प्राधान्यक्रम बाहेरच्या क्रियेहून खालचा असेल, तेव्हाच कंस घालावा लागतो. हे सोपे वाटते, पण −२² सारख्या ठिकाणी परीक्षा होते. पायथन याचे उत्तर −४ देतो. एक्सेलच्या चौकटीत बरोबरच्या चिन्हापुढे हेच लिहिले तर उत्तर ४ येते. तेच लेखन, दोन वृक्ष. एका प्रणालीने छापलेले सूत्र दुसरीत चिकटवणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दोन मितींत, म्हणजे रेघेवर अंश आणि रेघेखाली छेद असे दाखवायचे असेल, तेव्हा प्रत्येक उपराशीचा एक चौकोन केला जातो. त्याला रुंदी असते, उंची असते आणि शेजारच्या चौकोनाशी जुळवून घेण्यासाठी एक आधाररेषा असते. अपूर्णांकात अंशाचा चौकोन वर, छेदाचा खाली, दोन्ही मध्यावर आणलेले, आणि अपूर्णांकाची रेघ हीच आधाररेषेची खूण. मॅथेमॅटिकात या चौकोनांचाही स्वतंत्र वृक्ष असतो आणि तो पाहता येतो. नवशिक्या माणसाची एक हमखास चूक येथेच होते: सारणी सुबक दिसावी म्हणून तो ‘मॅट्रिक्सफॉर्म’ लावतो आणि ते सुशोभित रूपच चलात साठवतो. मग त्या चलाचा गुणाकार होत नाही, कारण आता त्यात सारणीभोवती सजावटीचे वेष्टनही आले आहे. आधी साठवावे, मग सजवावे.

तिसरा प्रश्न समानतेचा. सिम्पायमधील दुहेरी बरोबरचे चिन्ह ‘हे दोन वृक्ष हुबेहूब सारखे आहेत का’ एवढेच विचारते. (क्ष + १)² हा वरच्या टोकाला पॉव असलेला वृक्ष आहे; क्ष² + २क्ष + १ हा अ‍ॅड असलेला. म्हणून उत्तर ‘नाही’. आपल्याला हवा असलेला प्रश्न ‘क्ष च्या प्रत्येक किमतीला या दोन राशींची किंमत एकच येते का’ असा आहे, आणि तो फार कठीण प्रश्न आहे. बहुपदींपुरता तो सुटतो: दोन्ही विस्तारा, सजातीय पदे एकत्र करा, एक क्रम ठरवा, की प्रत्येक बहुपदीला एकच विहित रूप मिळते. पण ज्या राशींत साइन (ज्या), घातांकी फल, केवलमूल्य यांसारखी फले मिसळतात, त्यांच्यासाठी ‘ही राशी शून्य आहे का’ हे प्रत्येक वेळी ठरवणारी रीत असूच शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले. तेव्हा एखादी प्रणाली आपल्या दुहेरी बरोबरच्या चिन्हाला गणिती समानतेचा अर्थ देऊ लागली, तर ती कधी अडकून पडेल, तर कधी चुकेल. वृक्षांची तुलना मात्र नेहमी संपते आणि नेहमी खरी असते.

व्यवहारात दोन्ही राशींची वजाबाकी करून ती सोपी करावी आणि शून्य येते का ते पाहावे. ‘इक्वल्स’ ही सिम्पायची आज्ञा त्याशिवाय काही यादृच्छिक किमती घालूनही पडताळते. ‘सिम्प्लिफाय’वर मात्र फार विसंबू नये, कारण ‘सोपे’ म्हणजे काय हे कोणीच ठरवलेले नाही. (क्ष¹⁰⁰⁰ − १)/(क्ष − १) हा भागाकार पूर्ण केला, तर १००० पदांची बहुपदी मिळते. छेद गेला म्हणून ती सोपी म्हणायची की लांबी वाढली म्हणून अवघड, हे कामावर अवलंबून आहे. मला विस्तार हवा असेल, तर मी विस्ताराची आज्ञा देतो. अवयव हवे असतील, तर अवयवांची.

समानतेचा एक प्रकार मला स्वतःला भोवला आहे. एका मोठ्या आकडेमोडीत क्ष − क्ष असे पद शेवटपर्यंत तसेच उरले होते, शून्य होत नव्हते. बराच वेळ मी प्रणालीला दोष दिला. कारण असे निघाले की एका ठिकाणी मी क्ष हा चल साधा घेतला होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो धन आहे असे सांगून घेतला होता. सिम्पायच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे चल आहेत, आणि ते योग्यच आहे: धन क्ष साठी √(क्ष²) चा लगेच क्ष होतो, साध्या क्ष साठी तसे करणे चूक ठरेल. छापताना मात्र गृहीतके दिसत नाहीत, दिसते फक्त नाव. अशा वेळी ‘एस-रेप्र’ ही आज्ञा द्यावी. ती आतले रूप गृहीतकांसह जसेच्या तसे लिहून दाखवते.

हीच आज्ञा राशी फायलीत साठवतानाही वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. पडद्यावर दिसणारा मजकूर साठवून नंतर तो पायथनला परत वाचायला दिला, तर क्ष चा घातांक १/३ असलेली राशी घातांक ०.३३३३… घेऊन परत येते, कारण १/३ हा भागाकार सिम्पायपर्यंत पोहोचण्याआधीच पायथन दशांशात करून मोकळा झालेला असतो. संख्यांबाबतही हेच: मॅथेमॅटिका साधी दशांश संख्या ६ अंकांत दाखवते, आत सुमारे १६ अंक असतात, आणि दिसलेले अंक हाताने उतरवून घेणारा उरलेले १० अंक फेकून देतो. सूत्रे सुबक छापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाटेक्‌मधून राशी परत मिळवण्याची आशा तर धरूच नये. फ(क्ष + १) हे फ या फलाचे लेखन आहे की फ गुणिले (क्ष + १), हे त्या मजकुरात कोठेही लिहिलेले नसते. संकेतस्थळांवर गणित लिहिण्यासाठी १९९८ मध्ये आलेल्या ‘मॅथएमएल’ या मानकाने म्हणूनच सुरुवातीपासून दोन वेगळे विभाग ठेवले, एक दिसण्यासाठी आणि एक अर्थासाठी.

आकाराबद्दलही थोडे सांगतो, कारण पुढे मोठ्या राशी हाताळताना याची गाठ पडेलच. वॉटर्लू विद्यापीठात १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘मेपल’ या प्रणालीने एक पद्धत पक्की केली: एकसारखी उपराशी स्मृतीत एकदाच ठेवायची आणि जेथे लागेल तेथून तिच्याकडे फक्त बोट दाखवायचे. त्यामुळे दोन राशी एकच आहेत का, हे पाहायला स्मृतीतील त्यांच्या जागांच्या पत्त्यांची तुलना पुरते. (याच पद्धतीमुळे मेपल बराच काळ बेरजेची पदे त्या सत्रात प्रथम ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने छापत असे, आधी क + ख आले असेल, तर नंतर ख + क लिहूनही क + ख दिसे.) आता एखादे दोन घटकांचे फल घ्या आणि प्रत्येक पायरीला मागचाच निकाल त्याच्या दोन्ही जागी घाला. वीस पायऱ्यांनंतर स्मृतीत वीस-एकवीस नोड असतात. पण छापायला गेलात, तर पाने १०,४८,५७६ होतात. आकडेमोड क्षणात होते आणि पडदा गोठतो. नोंदवहीसारख्या (नोटबुक) साधनांत शेवटच्या ओळीवरची राशी आपोआप छापली जाते, त्यामुळे ‘गणित अडकले’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच प्रत्यक्षात छपाई अडकल्याच्या असतात. निकाल चलात घ्या, छापू नका, नोड मोजा, आणि पाहायचेच असेल तर सामाईक उपराशी वेगळ्या काढणाऱ्या ‘सीएसई’ या आज्ञेतून आधी काढून घ्या.

राहिला देवनागरी नावांचा प्रश्न. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचे नाव देवनागरीत चालते, आणि सिम्पायला तर नाव म्हणजे केवळ एक अक्षरमाला असते. गणितात काहीही अडत नाही. अडचण येते ती दोन मितींतल्या छपाईत. ‘क्ष’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकात ते क, पायमोडका आणि ष अशा तीन संकेतांचे असते. चौकोनाची रुंदी संकेत मोजून ठरवली, की अपूर्णांकाची रेघ लांब होते आणि घातांक भलतीकडे सरकतो. लाटेक्‌मध्ये गणिती टंकांत देवनागरी अक्षरेच नसतात. म्हणून मी आत रोमन नावे ठेवतो आणि लाटेक् रूप काढणाऱ्या आज्ञेला ‘सिम्बॉल-नेम्स’ या पर्यायातून एक छोटी यादी देतो: या चलाऐवजी मजकूर म्हणून ‘क्ष’ छाप, त्याऐवजी ‘य’. मग ती फाइल देवनागरी टंक चालणाऱ्या ‘झीलाटेक्’मधून काढली, की विद्यार्थ्यांपुढे ठेवायची सूत्रे त्यांच्या ओळखीच्या अक्षरांत येतात, आणि वृक्षाला त्याची वार्ताही नसते.